तुरुंगांत गेला, पण कशासाठीं?

शिक्षा झालेल्यानें निवडणुकीस उभें राहावें काय? आम्हीं म्हणतों, आधीं विचारा, शिक्षा कशासाठीं झाली?

आपल्याच जिल्ह्यांत, पुसदजवळच्या राखीव जंगलांत, १९३० सालीं बापूजी अणे यांनीं गवत कापलें, उघडपणें कायदा मोडला आणि तुरुंग भोगला. त्यांत गरिबाच्या घरचें कांहीं गेलें नाहीं. तेच अणे १९४८ सालीं बिहारचे राज्यपाल झाले.

आतां नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडे पाहा. रोखेखरेदीच्या व्यवहारांत तिचे शंभर कोटींहून अधिक रुपये बुडाले. बँक शेतकऱ्यांची, घामाचा पैसाही त्यांचाच! गुन्हा दाखल झाला २००२ सालीं. तेव्हांचे अध्यक्ष सुनील केदार यांस ५ वर्षांची शिक्षा झाली ती डिसेंबर २०२३ मध्यें. मधल्या २१ वर्षांत ते आमदार झाले, मंत्रीही झाले. शिक्षेनंतर आमदारकी गेली. वरच्या न्यायालयांत दाद मागण्याचा हक्क त्यांस आहेच.

कायदा सांगतो, २ वर्षें वा अधिक शिक्षा झाली, तर सुटकेनंतरही ६ वर्षें उभें राहतां येत नाहीं. पण निकालच २१ वर्षांनीं लागला, तर तोंवर राखण कोणी करावी? पीक खाल्ल्यावर कुंपण घालून काय उपयोग?

राखण आपणच केली पाहिजे. उमेदवारास आपल्यावरील खटले प्रतिज्ञापत्रांत लिहून द्यावे लागतात. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. पण तो पैशाचा कीं मारहाणीचा कीं आंदोलनाचा, हें पाहूनच मत द्या. वाचतां येत नसेल, तर संध्याकाळीं शाळेंत या. आम्हीं वाचून दाखवूं.