काय सोडायचं, ते आधी ठरवा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संयोजकांनी मला ‘घरात संगीत ऐकण्याची साधनं’ असा ऐसपैस विषय दिला होता. तो मी आवळून घेतला आहे. खोली दहा बाय बाराची. खिशात एकूण चाळीस हजार रुपये. ऐकायचे आहेत ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं, कधी जुनी सिनेमाची गाणी. एवढ्यात दोन बुकशेल्फ स्पीकर कसे निवडावेत, इतकंच आज बोलायचं आहे. मॉडेलं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, म्हणून नावांपेक्षा निवडीवर जास्त बोलेन.

सुरुवात जरा मागून करू. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद खोक्याचा एक स्पीकर बाजारात आणला. तोवर घरात भरघोस खर्ज हवा असेल तर कपाटाएवढं खोकं ठेवावं लागे. व्हिल्चर यांनी खोकं हवाबंद केलं आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. खोकं लहान झालं, खर्ज राहिला. पण त्याची किंमत अँप्लिफायरला मोजावी लागली, कारण असा स्पीकर वीज भरपूर खातो. त्याच गोतावळ्यातले जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने पुढे एक नियमच रूढ झाला. लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. जाहिरात काहीही म्हणो, तिसरी गोष्ट सोडावी लागते. भौतिकशास्त्र सेलमध्ये स्वस्त होत नाही.

म्हणून बजेटमध्ये स्पीकर घेणं म्हणजे काय सोडायचं हे ठरवणं. माझं मत सरळ आहे. शेवटचा खोल खर्ज सोडा, भिंती हादरवणारा आवाज सोडा, पण माणसाचा गळा सोडू नका.

हे मत माझं एकट्याचं नाही. १९७०च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांपुढे असाच पेच होता. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी ज्या गाड्या जात, त्यांत मोठे स्पीकर मावत नसत, आणि हेडफोनवर आवाजाचा तोल नीट ठरत नसे. त्यांनी जेमतेम फूटभर उंचीचं एक खोकं तयार केलं, एलएस थ्री फाइव्ह ए. त्यात केईएफ कंपनीचा पाच इंची वूफर आणि छोटा ट्वीटर. खालचा खर्ज त्यात नाही, मोठ्या आवाजाला तो दम टाकतो, त्याची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेत मिळणारा आवाज, ८३ डेसिबलच्या आसपास, आजच्या मानाने कमीच. पण निवेदक बोलायला लागला की माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. बीबीसीची पारख मुख्यतः बोलण्यावर चाले, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे प्रत्येकाला पाठ असतं. व्हायोलिन थोडं चुकीचं वाजलं तर खपून जातं, ओळखीच्या माणसाचा आवाज नाकातून आला तर लगेच खटकतं. रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांनी परवाना घेऊन तो स्पीकर बनवला आणि आजही लोक तो शोधत फिरतात.

आता कोणी म्हणेल, आमच्या तंबोऱ्याचं काय? खर्ज सोडला तर गाण्याचा पायाच गेला! हा प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडं गणित करू. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झ. सव्वापाच इंची वूफरचा बरा स्पीकर तिथवर कसाबसा पोचतो, चार इंची पोचत नाही. पण तंबोऱ्याची गंमत जवारीत आहे. तार घोडीच्या वक्र पृष्ठावर घासत कंप पावते आणि मूळ स्वरापेक्षा वरचे स्वयंभू स्वर झळाळून उठतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला आहे. मूळ कंपन क्षीण असलं तरी वरच्या स्वरांच्या ओळीवरून आपला मेंदू खर्ज जुळवून घेतो. म्हणून तंबोरा छोट्या स्पीकरवरही भरल्यासारखा वाटतो, अट एवढीच की मधला पट्टा स्वच्छ हवा. तिथे गढूळपणा असेल तर आठ इंची वूफरसुद्धा जवारी वाचवू शकत नाही. डग्ग्याचा घुमारा मात्र थोडा जातो, ते कबूल करायला हवं. पखवाज ऐकणाऱ्यांनी साडेसहा इंची वूफरकडे वळावं.

दुकानात गेल्यावर पहिली गाठ आकड्यांशी पडते. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यावर ‘एक हजार वॉट पीएमपीओ’ असं छापलेलं असे. ते आठवून हसू नका, तोच आकडा आज वेगळ्या कपड्यांत येतो. बघायचं ते दोनच आकडे. एक, आरएमएस वॉट. दुसरा, संवेदनशीलता. दर ३ डेसिबलला वीज दुप्पट लागते. ८३ डेसिबलच्या स्पीकरला शंभर वॉट पाजून जेवढा आवाज मिळतो, तेवढा ८९ वाला पंचविसात देतो. छोटा अँप्लिफायर घेणार असाल तर ८६-८७च्या खाली जाऊ नका. आणि ‘५० ते २०,००० हर्ट्झ’ या ओळीपुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ लिहिलेलं नसेल तर ती ओळ वाचू नका.

मग ऐकायची वेळ येते, आणि इथे कान नव्हे तर डोळे फसवतात. कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकणाऱ्यांकडून वर्षानुवर्षं गुण देववून घेतले. डोळ्यांना काही दिसत नसलं की बहुतेकांची पसंती एकाच तऱ्हेच्या स्पीकरला मिळते. त्याचा आवाज समोरून समतोल असतो आणि बाजूने ऐकला तरी त्याचा पोत बदलत नाही. पुढे टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४मध्ये दाखवलं की तेच स्पीकर डोळ्यांसमोर ठेवले की गुण बदलतात. आकार, रूप, नाव सगळं कानात शिरतं. दुकानातली दुसरी खोच म्हणजे आवाजाची पातळी. दोहोंपैकी एक स्पीकर किंचित मोठा वाजत असेल तर तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. विक्रेत्याला हे ठाऊक असतं. फोनवर ध्वनिमापकाचं फुकटचं अ‍ॅप घ्या आणि दोन्ही जोड्या एका पातळीवर आणूनच तुलना करा.

सोबत आपलीच गाणी न्या, दुकानदाराची झगमगीत डेमो नको. त्यातलं एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण असू द्या. आपल्याकडे पन्नासच्या दशकातलं बहुतेक सगळं मोनोच आहे, त्यामुळे शोधावं लागणार नाही. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, समान अंतरावर बसा. मोनोमध्ये दोन्हीकडे तंतोतंत तोच आवाज जातो, म्हणून गायक दोघांच्या मधोमध, हाताने दाखवता येईल इतका नेमका उभा राहायला हवा. तो एका अंगाला सरकत असेल तर जोडीतले दोन नग एकसारखे नाहीत किंवा बैठक चुकली आहे. आणि तो खोलीभर विरघळला, खर्जही गायब झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. हे घरी लावल्यावरही पहिल्यांदा तपासा. ‘आवाजात दम नाही’ म्हणून परत आलेल्या कित्येक जोड्यांत एवढाच घोळ निघतो.

आता खोली. दिवाणखान्यात व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी, भिंती कोऱ्या. मध्ये उभं राहून टाळी वाजवा. ‘टर्र’ असा पडसाद ऐकू आला तर कोणताही स्पीकर तिथे कर्कशच वाजणार. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी जो फरक पडतो, तो स्पीकरवर आणखी दहा हजार घालून पडत नाही. पुस्तकांच्या कपाटात मात्र स्पीकर कोंबू नका, नाव बुकशेल्फ असलं तरी. मागे भोक असलेल्या स्पीकरला वीतभर श्वास लागतो.

भिंतीचं अंतर ही त्यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. समजा, वूफर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे आहे. खर्ज सगळीकडे पसरतो; मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून चार फूट जास्त चालून परत येते. साधारण १४१ हर्ट्झला हे चार फूट म्हणजे बरोबर अर्धी लाट, आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणजे काळी एकच्या षड्जालाच खड्डा! स्पीकर एक फुटावर नेलात तर खड्डा २८२ला, तारषड्जाजवळ जातो. पूर्ण सुटका नाही. पण मागची आणि बाजूची भिंत सारख्या अंतरावर नसली की दोन खड्डे एकावर एक पडत नाहीत. म्हणून वीत-वीत सरकवत ऐका. एक रविवार द्या. कोपऱ्यात ठेवलेत तर खर्ज फुगून धमधम होईल. बारा फुटांच्या लांबीला ४७ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, आणि पाठ भिंतीला टेकवून बसलेल्याला ते जास्तच जाणवतं. छोट्या स्पीकरची थोडी उणीव खोली भरून काढते ती अशी. लहान खोलीत मोठे टॉवर उभे करणाऱ्यांना ही भर नकोशी होते.

ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. स्टँड सुताराकडून करून घ्या. वायरवर फार बोलणार नाही: इलेक्ट्रिकच्या दुकानातली तांब्याची दीडची किंवा अडीचची फ्लेक्झिबल वायर पुरते. पाच मीटरला हजारो रुपयांची वायर विकणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुने स्पीकरही मिळतात, आणि जुनी जोडी घ्यायला माझी हरकत नाही. वूफरची कडा बोटाने हलकेच दाबून बघा. रबराची असेल तर टिकते, फोमची असेल तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिचा भुगा होतो. आणखी एक सावधगिरी. स्टुडिओत दिसला म्हणून घरी आणू नका. पांढऱ्या वूफरचा यामाहा एनएस-१० कंपनीने १९७८ साली घरासाठीच काढला होता. घरी तो कोणाला रुचला नाही. स्टुडिओवाल्यांनी उचलला, कारण ध्वनिमुद्रणातले दोष तो उघडे पाडतो. संध्याकाळी चहा घेत ऐकताना आपल्याला दोषांची यादी नको असते.

तर चाळीस हजारांची माझी मांडणी अशी: पंचवीस-सव्वीस हजार स्पीकरवर, दहा हजारांचा क्लास डी अँप्लिफायर, उरलेले स्टँड, वायर आणि सतरंजीवर. गाणं वाजवायला हातातला फोन चालतो. सबवूफर पहिल्या वर्षी नको. वॉर्फडेलची डायमंड, इलॅकची डेब्यू या मालिकांतले सव्वापाच ते साडेसहा इंची स्पीकर आधी ऐका, ते गळा सांभाळतात. नवे परवडत नसतील तर त्याच मालिकांची मागची आवृत्ती घ्या. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराकडून आठवडाभराची परतीची मुदत बिलावर लिहून घ्या, कारण त्याची खोली तुमची खोली नाही. तो लिहून देत नसेल तर पुढचं दुकान गाठा.

आता प्रश्न घेतो.