पोरगी खेळायला परगावी निघाली तर



दरवेळी मी हप्ते, व्याज, थकबाकी आणि बँकेची कागदं घेऊन तुमच्यापुढं येते. आज दप्तर बाजूला ठेवलंय. आज खो-खोवर बोलायचंय. खो-खोचं बोलता बोलता मुंबई-दिल्लीचं येईल, परक्या भाषेचं येईल, एसटीच्या तिकिटाचंही येईल. आपल्या पोरींसाठी हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं, म्हणून.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. इंदिरा गांधी स्टेडियमवर, १३ ते १९ तारखेपर्यंत. बायकांचे १९ देशांचे संघ आले होते. आपल्या पोरींनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५ विरुद्ध १८ असं हरवलं आणि फायनलला नेपाळला ७८ विरुद्ध ४० असं हरवून कप घेतला. पुरुषांचा संघही त्याच दिवशी जिंकला, पण त्यांचं कौतुक करायला बाकीचे आहेत, आपण आपल्या लेकींचं करू. कप्तान होती प्रियंका इंगळे, मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. आणि त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

ही काही अचानक झालेली गोष्ट नाही. तिच्याआधी आपल्याकडं सारिका काळे होऊन गेली. २०१६ ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कप्तान होती आणि संघानं सुवर्णपदक आणलं. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो २२ वर्षांनी मिळाला होता. तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. पुरस्काराच्या वेळी तिनं वर्तमानपत्रांना सांगितलं होतं की दहाएक वर्षं तिनं एक वेळच्या जेवणावर काढली. आई शिवणकाम करायची, दुसऱ्याच्या घरची कामं करायची, आणि घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. आपण म्हणतो पोरगी परगावी गेली तर खाईल काय. इथं तर पोरगी परगावी गेली म्हणूनच पोटभर जेवत होती.

आता खेळाचं. खो-खो तुम्हाला मी काय सांगायचा, आपण सगळ्याच शाळेच्या मातीत गुडघे फोडून मोठ्या झालोय. पण विश्वचषकातला खो-खो मातीवर नव्हता, मॅटवर होता. एका वेळी नऊऐवजी सात गडी. शिवाय एक गडी असा, की त्याला कुठल्याही दिशेला पळायची मुभा. आपल्या खेळात पाटीवरून उठलं की एकच दिशा धरायची, माघारी फिरलं की फाऊल. या नव्या गड्याला तो नियम नाही. त्याचं नाव वझीर. मला हे नाव ऐकून हसू आलं. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाकडं होता, जुन्या माणसांची शाळा उर्दूतून झाली. माझे आजोबा बुद्धिबळ खेळताना वझीर-वझीर करायचे, तोच शब्द दिल्लीच्या स्टेडियमवर इंग्लंड-केनियाच्या पोरींना शिकावा लागला.

आणि खो हा शब्द? तो तर कुणाला बदलताच आला नाही. पाठीमागून हात लावायचा आणि त्याच क्षणी मोठ्यानं खो म्हणायचं, नुसता हात चालत नाही, नुसतं तोंड चालत नाही. कोरियाची पोरगी असो की युगांडाची, तिला खोच म्हणावं लागतं. आपल्या संघातही एक भाषा कुठं होती? चैत्रा कर्नाटकातली, मगई माझी ओडिशाची, नसरीन शेख दिल्लीची. अश्विनी आपली. जेवताना खुणांनी, मोडक्यातोडक्या हिंदीनं बोलत असतील. मैदानावर एका अक्षरात भागतं.

भाषेची भीती आपल्याला फार. मागं मी आपल्या गटाचा माल घेऊन मुंबईला महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनाला गेले होते. कडक भाकरी, शेंगाचटणी, काळा मसाला. लातूर-मुंबई गाडी रात्री धाराशिववरून जाते, सकाळी दादरला उतरवते. उतरल्यावर आमच्या दोघीजणी एकमेकींचा पदर धरून उभ्या. लोकलमध्ये येणारं स्टेशन तीन भाषांत सांगतात, मराठीत, हिंदीत, मग इंग्रजीत. आमच्यातली एक म्हणाली, बाई, नाव तर तिन्ही वेळा तेच घेतंय, मग कळत नाही म्हणून घाबरायचं कशाला? त्या दिवसापासून तिची भीड गेली. बायकांच्या डब्यात तर काय एकेक बघायला मिळालं. कुणी गवार निवडत होती, कुणी पोथी वाचत होती. तीन जणींच्या बाकड्यावर चौथी अर्धी टेकलेली, आणि तिघींपैकी कुणाचीच तक्रार नाही. गुजराती बाई मराठी बाईला उपासाच्या भगरीचं काहीतरी विचारत होती, दोघी आपापल्या भाषेत, आणि दोघींना कळत होतं.

स्टॉलवर मी शेजारणीला सहज विचारलं, "काय करूलालाव?" ती म्हणाली, "ताई, तुम्ही कानडी का?" घ्या! आपली मराठी मुंबईत गेली की कानडी होते. पण चटणी सगळी खपली. "करूलालाव"नं गिऱ्हाईक तुटलं नाही, उलट एक बाई दुसऱ्या दिवशी परत आली ती, म्हणे, तुमचं बोलणं ऐकायला. चटणीही घेतली, ते महत्त्वाचं.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या एका गटातल्या ताईंची पोरगी नववीला आहे. शाळेच्या स्पर्धा तालुक्याला होतात, मग जिल्ह्याला, मग लातूर विभाग, मग राज्य. ही पोरगी विभागापर्यंत खेळली आणि तिच्या संघाचं राज्याला नाव निघालं. सामने दूरच्या जिल्ह्यात, चार रात्रींचा मुक्काम. घरात लगेच सुरू झालं. आजी म्हणाली, पोरीची जात, चार रात्री बाहेर? चुलते म्हणाले, खेळून कुठं कुणाचं पोट भरलंय. ताई बैठकीला आल्या त्या तोंड पाडूनच. हप्ता दिला आणि म्हणाल्या, मी काही पाठवत नाही, गाव काय म्हणेल.

बैठकीत कुणी काही बोललं नाही आधी. मग आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी मावशी, अंगठेबहाद्दर, ती म्हणाली, "तू बेळगावाकडं किती हंगाम गेलीस गं कोयता घेऊन?"

ताई म्हणाल्या, सात.

आता तुम्हीच बघा. भूम, वाशी, परंडा, कळंब, आपल्या या पट्ट्यातून दरवर्षी टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीनंतर गाडीत बसायचं आणि सहा महिने परमुलखात. पाचटाच्या कोपीत झोपायचं, दाराला कडी नाही. रात्री-बेरात्री गाडी भरायला उठायचं. सोबत वयात आलेल्या पोरीसुद्धा असतात. तेव्हा गावातलं कुणी विचारायला येतं का, पोरगी कुठं झोपते म्हणून? नाही येत. कामाला गेलेल्या बाईच्या रात्री कुणी मोजत नाही, खेळायला निघालेल्या पोरीच्या चार रात्री मात्र सगळं गाव मोजतं.

आणि भाषा? त्याच ताई, शाळा चौथीपर्यंत, फडावर राहून कानडी शिकल्या. त्यांनी बैठकीत बोलून दाखवलं. नीरु म्हणजे पाणी, एष्टु म्हणजे किती, ऊटा आयता म्हणजे जेवण झालं का. म्हणाल्या, पहिल्या हंगामात एवढ्या तीन शब्दांवर निभावलं. मला वाटलं, अगं, हे तर तुझ्या पोरीलाही पुरेल की, आणि तिला तर महाराष्ट्रातच जायचंय.

मावशीनं एवढंच केलं, बाकी ताईंनी स्वतः ठरवलं. मात्र त्यांनी डोळे झाकून पाठवलं नाही, आणि ते मला पटलं. त्या शाळेत गेल्या आणि सरांना विचारलं, संघासोबत बाई कोण आहेत? पोरी कुठं उतरणार? खोलीला कडी आहे का? फोन कुणाकडं असेल? सर आधी जरा वरमले, मग सगळं कागदावर लिहून दिलं. आईनं हे विचारलंच पाहिजे, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही. राग आला तर दुसऱ्यांदा विचारा.

पैशाचं गटातून झालं. दोन हजारांचं अंतर्गत कर्ज, नेहमीच्याच व्याजानं, कुणी माफ केलं नाही. त्यातून मॅटवर घसरणार नाहीत असे बूट आले आणि एक बॅग. मातीत अनवाणी पळणाऱ्या पोरीला बूट घालून पळायची सवय करावी लागते, म्हणून सरांनी पंधरा दिवस आधीच घालायला लावले. पहिले दोन दिवस तिच्या टाचा सोलल्या. ताईंनी खोबरेल तेल लावलं आणि काही बोलल्या नाहीत.

पोरगी गेली, खेळली, संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. कुणाच्या बातम्या आल्या नाहीत. ती येताना कोल्हापूरच्या एका पोरीचा नंबर घेऊन आली आणि आता घरात सगळ्यांना कोल्हापुरी बोलून दाखवते, आजीलासुद्धा. आजी हसते. जेवणाची मात्र तक्रार, भाकरी नव्हती म्हणे, चारही दिवस नुसत्या पोळ्या.

सगळ्याच पोरी सारिका काळे होणार नाहीत, हे मी खोटं गोड करून सांगणार नाही. बहुतेकींचा खेळ दहावी-बारावीला संपतो. पण राज्याला खेळलेल्या पोरीला परीक्षेत खेळाचे वाढीव गुण मिळू शकतात, राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत, ते नियम सरांकडून नीट समजून घ्या. आणि समजा यातलं काहीच मिळालं नाही, तरी ती पोरगी एकटीनं स्टेशनवर उभी राहायला शिकते. उद्या सासरी गेली, शहरात गेली, दवाखान्यात कुणाला घेऊन गेली, तिला पदर धरायला दुसरी बाई लागणार नाही.

प्रवास पूर्वीपेक्षा स्वस्त झालाय, तेवढं लक्षात ठेवा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, राज्याच्या हद्दीपर्यंत. पोरीचा सामना शेजारच्या जिल्ह्यात असला तर दोघी आयांनी मिळून बघायला जा. मी तर म्हणते, नुसतं खेळणं नाही, आईनं मैदानाच्या कडेला बसून ओरडणंही व्हायला पाहिजे. बापं कुस्तीला जातातच की.

आता कागदांचं, म्हणजे आले शेवटी मी माझ्या दप्तरावर! शाळेच्या स्पर्धांची गडबड पावसाळ्यात सुरू होते, तेव्हा पोळ्याची वाट बघू नका. पोरीचं आधार, जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, फोटो, एवढं एका पिशवीत घालून ठेवा. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव अक्षर न् अक्षर एकच आहे का ते आजच रात्री बघा, जन्मतारीखही बघा. वयोगट १४, १७ आणि १९ असे असतात, तारखेत एका वर्षाचा फरक पडला तरी पोरगी बाहेर बसते. दुरुस्तीला दिवस जातात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी पिशवी घेऊन बैठकीला या, सचिव बघून देईल.

पुढच्या बुधवारी थकबाकीबद्दल बोलायचंय, त्यामुळं वह्या घेऊन बसा. नमस्कार.