शेव-उसळीतली उसळ

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत. विषय खाण्याचा असल्यामुळे मधेच कुणी उठून जाणार नाही अशी आशा आहे. आपल्या बडोद्याची ओळख झालेल्या शेव-उसळीच्या नावाबद्दल मला आज थोडे बोलायचे आहे.

पदार्थ तुम्हाला सांगायला नको. पांढऱ्या वाटाण्याचा झणझणीत रस्सा, त्यावर मूठभर शेव, बारीक चिरलेली कांद्याची पात, बाजूला पाव आणि वरून मागून घेतलेली लालभडक तरी. आता हे नाव जरा सोडवून पाहू. गाडीवरच्या पाटीवर ‘सेव’ लिहिलेले असते आणि आपण घरी ‘शेव’ म्हणतो. म्हणजे पहिला शब्द पाटीवर गुजराती वेषात उभा आहे. सोबतचा पाव पोर्तुगीजांकडून आला. काही लोक सांगतात की कणीक पायाने तुडवतात म्हणून पाव, काही सांगतात की लादीचे चार भाग होतात म्हणून पाव. ऐकायला मजेदार, पण खरा उगम पोर्तुगीज ‘पांव’ या शब्दात आहे. त्याचा अर्थच मुळी भाकरी-रोटी असा. तरी म्हटली की फारसीतला ‘तर’ म्हणजे ओला हा शब्द आठवतो. आणि राहिली ती उसळ. ती आपली.

उसळ हा आपल्या स्वयंपाकघरातला शब्द. कडधान्य रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, फोडणीला टाकायचे. मुगाची, मटकीची, चवळीची, वालाच्या डाळिंब्यांची, वाटाण्याची. गुजराती घरात याच कडधान्यांना कठोळ म्हणतात. पांढरा वाटाणा शिजवून घोटला की त्याचा रगडा होतो, आणि रगडा गुजरातेत गावोगावी मिळतो. तरीही बडोद्याच्या गाडीवर तो वाटाणा उसळ म्हणूनच विकला जातो. उसळ, शेव, रस्सा आणि कांदा एकत्र आले की महाराष्ट्रात त्याला मिसळ म्हणतात, कारण तिथे मिसळण्याला महत्त्व. इथे मात्र उसळीने आपले नाव सोडले नाही.

असे का झाले याचे उत्तर या शहराच्या इतिहासात आहे. १७३४ साली बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मधली दोनशे पंधरा वर्षे मराठी आणि गुजराती घरे एकमेकांना भिंत लावून राहिली. वाटीभर उसळ शेजारी गेली आणि वाटी परत येताना रिकामी आली नाही. त्या जाण्यायेण्यात पदार्थांबरोबर त्यांची नावेही गेली.

सरकारी नोकरीत असल्यामुळे मला इथे दुसरी एक गोष्ट आठवते. महाराज सयाजीरावांनी १९३१ साली ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश तयार करवला. एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत अशा अनेक भाषांतले प्रतिशब्द दिलेले आहेत. केवढी दूरदृष्टी आणि केवढी मेहनत! पण आज त्यातले कितीतरी शब्द कोशातच राहिले आहेत. उसळीसाठी कोणी हुकूम काढला नाही, समिती नेमली नाही. ती लोकांच्या जिभेवर बसली आणि टिकली. शब्द रोज वापरात असला की त्याला राखणदार लागत नाही.

आमच्या कार्यालयात नव्याने आलेल्या एका गुजराती मुलाने मला विचारले, “साहेब, सेव तो समजाय, पण उसळ एटले शुं?” मी त्याला सांगितले आणि तो खूश झाला. संध्याकाळी हाच प्रश्न मी आमच्या कॉलनीतल्या तीन-चार मराठी मुलांना विचारला. त्यांनाही उसळ म्हणजे गाडीवरचीच उसळ ठाऊक होती. घरात मूग केले की ते ‘मग नुं शाक’ म्हणतात. मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्या कानावर जे पडते तेच ती बोलतात. पण मला चुटपुट लागली. आपला शब्द परक्या पाटीवर सुखरूप आहे आणि आपल्याच ओट्यावर पाहुणा झाला आहे.

आपण इथे चार-पाच पिढ्या राहिलो. आपल्या मराठीत गुजराती मिसळली म्हणून पुण्या-मुंबईचे नातेवाईक हसतात. हसू देत. पाव पोर्तुगालहून आला, त्याला आज कोणी परका म्हणत नाही. मिसळण्याला भिण्याचे कारण नाही. भीती आहे ती विसरण्याची. भाषा टिकवण्यासाठी संमेलने हवीतच. २०१८ साली ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात झाले, त्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण संमेलन एखाद्या वर्षी येते आणि जेवण रोज दोनदा असते. पान वाढताना आमटीला आमटी म्हणा, भरताला भरीत म्हणा, कोशिंबिरीला कोशिंबीर म्हणा. मुलाने ‘हे काय?’ विचारले तर नाव सांगा आणि ती कशी करतात तेही सांगा. एवढे केले तरी पुष्कळ होईल.

आणि पुढच्या वेळी गाडीवर उभे राहाल तेव्हा शेजारच्या गुजराती मित्रालाही सांगा की यातली शेव तुमची, उसळ आमची आणि तरी दोघांची. तो तुम्हाला आणखी एक पाव खाऊ घालील याची मला खात्री आहे.

 गणपती बाप्पा मोरया!