माणगावहून लडाख: प्रवासाचे नियोजन

कोकणातील काळ नदीकाठच्या माणगावात वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर हिमालयाच्या पर्जन्यछायेत, म्हणजे ढग अडवणाऱ्या पर्वतरांगांच्या पलीकडे, असलेल्या लेहमध्ये तो जेमतेम 100 मिलिमीटर असतो. त्यामुळे कोकणात पावसाळा असतो तेव्हा, जून ते सप्टेंबर या काळात, लडाखचा प्रवास सर्वाधिक सोयीचा ठरतो. 31 ऑक्टोबर 2019 रोजी केंद्रशासित प्रदेश झालेल्या या शीत वाळवंटात वस्ती अत्यंत विरळ असून, हेमिस राष्ट्रीय उद्यानासारख्या विस्तीर्ण प्रदेशात हिमबिबट्याचा अधिवास आहे.

माणगावहून पनवेलमार्गे रेल्वेने दिल्ली गाठल्यावर लेहसाठी विमान मिळते. मनाली किंवा श्रीनगरहून जाणारे रस्तेही आहेत, मात्र त्यांवरील उंच खिंडी हिवाळ्यात बर्फाने बंद होऊ शकतात.

लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर असल्याने तेथे हवेचा दाब कमी असतो आणि प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूही कमी मिळतो. यातून डोकेदुखी, मळमळ व धाप लागणे अशी लक्षणे असणारा उंचीचा विकार उद्भवतो. म्हणून विमानाने पोहोचल्यावर किमान 48 तास विश्रांती आवश्यक मानली जाते, तर लक्षणे वाढल्यास त्वरित खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय ठरतो.

इतर राज्यांतील प्रीपेड मोबाइल जोडण्या तेथे चालत नाहीत आणि सीमाभागातील प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलतात. उंचीमुळे हृदयविकार वा दमा असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला आणि सर्वांनीच स्थानिक प्रशासनाकडून नियमांची माहिती घेऊन मगच आरक्षण करावे.