तूर विकण्याआधी घरची डाळ मोजा



कापसाच्या उत्पादनखर्चाचा हिशेब आपण दरवर्षी मांडतो. आज चुलीचा हिशेब मांडू.

पाच माणसांच्या घरात रोज पाव किलो डाळ शिजली, तर आठवड्याला पावणेदोन किलो लागते, वर्षाला सुमारे ९० किलो. तूर भरडली की चुणी-टरफल जाऊन क्विंटलमागे ७० ते ७५ किलो डाळ उतरते. म्हणजे घराला सव्वा क्विंटल तूर हवी. मूग घरचा असेल, तर तेवढी कमी.

कपाशीत आपण तुरीच्या ओळी घेतोच. पण देणेकरी खळ्यावर उभा असतो, म्हणून सगळी तूर हंगामातच विकली जाते. मग श्रावणात तीच डाळ दुकानातून किलोकिलोनं घ्यायची, भरडाई, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वर देऊन. पैसा नसला की वरण पातळ होतं, आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या माउलीच्या ताटात नुसती भाकरी उरते.

ज्वारीच्या प्रथिनांत जी उणीव असते, ती डाळ भरून काढते. म्हणून आठवडा असा बांधू: तीन दिवस तुरीचं वरण, दोन दिवस मुगाची उसळ, एक दिवस पिठलं, एक दिवस डाळ-कण्या घातलेली अंबाडीची भाजी. आठवडी बाजारातून तेल, मीठ, कांदे एवढंच आणायचं.

भाव मिळवण्यासाठी आपण लढतोच आहोत. पण गाडी भरण्याआधी घरचा वाटा बाजूला काढू. तो किती, हे घरातल्या बाईला विचारूनच ठरवू.