हातवारे नव्हेत, भाषा

नेगेव वाळवंटात अल-सय्यद हे बदाऊनी मुसलमानांचं गाव आहे. १९३०च्या सुमारास तिथे काही मुलं बहिरी जन्मली आणि गावात खुणांची भाषा घडली. ऐकू येणारेही ती वापरतात. बोलताना आपणही हात हलवतो, पण ते हातवारे शब्दांच्या आधारानं चालतात. या खुणांना स्वतःचा क्रम आहे. २००५ साली भाषाशास्त्रज्ञांनी दाखवलं, की तिच्यात क्रियापद शेवटी येतं: बाई, सफरचंद, देते. गावच्या अरबीत तसं नाही, हिब्रूतही नाही. मराठीत आहे, गंमतच! हे व्याकरण कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. आणि आपण? बहिऱ्या पोराला ‘मुका’ म्हणून मोकळे होतो. जुम्म्याचा खुतबा त्याच्या भाषेत सांगणारा आपल्या मशिदीत कोण आहे?