रोजकीर्द : धंद्याचा आणि संसाराचा आधार
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या या परळ-भोईवाड्यात एके काळी घरोघरी गिरणीचा पगार येत असे. हजेरी आणि हिशेब गिरणीचा कारकून लिही. आपण पगार तेवढा घरी आणावा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. कित्येक कुटुंबांनी खानावळ, पोळीभाजी, शिवणकाम यांवर संसार सावरला. ती चिकाटी वंदनीय आहे. परंतु धंदा घरात आला, तरी कारकून आला नाही. त्याची लेखणी आता आपणच हाती घेतली पाहिजे.

गल्ला म्हणजे मिळकत नव्हे. समजा, पोळीभाजीच्या दुकानात रोज ३,००० रुपयांची विक्री होते. पीठ, भाजी, तेल, गॅस व मजुरी यांस २,२०० रुपये लागतात. भाडे व वीज महिना १२,०००, म्हणजे दिवसाला ४०० रुपये. उरले ४००. घरखर्चासाठी रोज ७०० उचलले, तर महिन्याकाठी ९,००० रुपयांचे भांडवलच आपण खातो. दुकानापुढे गर्दी असते आणि तरीही वाण्याची बाकी वाढत जाते, ती यामुळे.

उपाय जुनाच आहे. रोजकीर्दीत त्या त्या दिवसाची जमा व खर्च त्याच रात्री लिहावा. मोबाईलवरून आलेली रक्कमही सोडू नये. खतावणीत प्रत्येक उधारीवाल्याचे खाते वेगळे असावे. घरासाठी उचललेला पैसा 'घरखर्च' म्हणून नावे टाकावा. पावत्या महिन्यावार जपाव्यात.

आता कराविषयी. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू आहे. आपल्या राज्यात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास सर्वसाधारणपणे वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्यास २० लाखांपर्यंतच्या उलाढालीस नोंदणीची सक्ती नाही. खानावळ सेवेत मोडते. वरील दुकानाची वार्षिक विक्री सुमारे ११ लाख, म्हणजे ते मर्यादेच्या आत आहे. मात्र नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून हा कर घेता येत नाही. आयकरात लहान धंद्यास सवलत अशी, की विक्रीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के, नफा धरून विवरणपत्र भरता येते. मग तपशीलवार हिशेबवह्यांची सक्ती राहत नाही. हे आकडे बदलू शकतात. दरवर्षी जाणत्या सल्लागारास विचारावे.

कोणी म्हणेल, सक्ती नाही, तर वही कशाला? बंधूंनो, कायदा सवलत देईल, संसार देत नाही. तोंडी हिशेब माणसाबरोबर जातो. घरचा कर्ता अकस्मात गेला, तर देणेकरी दुसऱ्या दिवशी दाराशी येतात. आपले येणे मात्र कोणी आपण होऊन आणून देत नाही. त्या वेळी त्या घरच्या माउलीच्या हाती वहीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. म्हणून वही कुलपात ठेवू नका. पत्नीला आणि मुलामुलींना ती वाचावयास शिकवा. येत्या लक्ष्मीपूजनास कोऱ्या वहीची पूजा कराल, तेव्हा दुसऱ्या दिवशीच तिच्यात पहिली नोंद करा, एवढी विनंती आहे.